हँडलची फडफड आणि ६८ मि.मी.चा डॅम्पर: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

गाडी: ४०० सीसीची मोटरसायकल, एक सिलिंडर, डबल क्रेडल फ्रेम, ४१ मि.मी.चे साधे टेलिस्कोपिक फोर्क, १७ इंची चाके. हँडलची रुंदी ७२० मि.मी.

तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या लिहिल्या पाहिजेत. पहिली: थ्रॉटल सोडून गाडी ७० वरून ६० किमी/तासावर येत असताना हँडलवरचे हात सैल केले की हँडल डावे-उजवे थरथरते, घट्ट धरले की थांबते. दुसरी: ११०-१२० च्या वेगात, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडा आणि रस्ता उंचसखल असला की हँडल दोन-तीन झटके मारते आणि मग आपोआप शांत होते.

दोन्ही फडफडीच, पण उगम एक नाही. पहिली बहुतेक वेळा टायर, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) किंवा चाकाच्या बॅलन्सची असते. तिच्यावर डॅम्पर (हँडलची झटपट हालचाल तेलाच्या विरोधाने मंदावणारे नळकांडे) लावला तर थरथर दिसेनाशी होते आणि ढिला कोनसेट तसाच राहतो. दुसरीत पुढचे चाक हलके होते, खड्ड्यावर जरा तिरके टेकते आणि ट्रेल (स्टिअरिंगच्या अक्षामागे टायर टेकण्याचे अंतर) त्याला झटक्याने सरळ करतो. डॅम्परचे खरे काम हे झटके गिळण्याचे. म्हणून आधी पहिली तक्रार डॅम्परशिवाय घालवायची. तोवर डॅम्पर मागवायचासुद्धा नाही.

६ जानेवारी

पुढच्या टायरमध्ये २३ पीएसआय हवा, मॅन्युअल सांगते २९. एवढ्यानेच बराच फरक पडतो, पण टायरवरून तळवा फिरवल्यावर कळले की कडेचे ठोकळे एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागतात. असा ‘कप’ झालेला टायर हवा भरून सुधारत नाही. टायर बदलला आणि चाक बॅलन्स केले, १५ ग्रॅम वजन लागले.

मागचे चाक सरळ आहे का ते दोरीने पाहिले. चेन ॲडजस्टरच्या दोन्ही खुणा बरोबर जुळत होत्या, तरी चाक पुढच्या टोकाला ३ मि.मी. डावीकडे तोंड करून. स्विंग आर्मवर (मागचे चाक धरणारा हलता आर्म) ठोकलेल्या खुणांवर भरवसा ठेवू नये. पिव्हटच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून समान करावे.

मागचा सॅग (वजनाने सस्पेन्शन किती खाली बसते ते) स्वारासकट ५८ मि.मी. मागच्या चाकाची चाल १५० आहे, त्यामुळे ४५ च्या आसपास हवा. गाडी मागे बसलेली असली की पुढचे चाक हलके राहते, दुसऱ्या तक्रारीला तेच खाद्य. स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासूनचा दाब) दोन खाचा वाढवला, ४६ आला. मागच्या कॅरियरवरचा डबा काढून ठेवला. ॲक्सलच्याही मागे टांगलेले वजन फडफडीला फार मदत करते, आणि हीच गोष्ट लोक सर्वात शेवटी तपासतात.

स्विंग आर्म बाजूला ढकलून पाहिला, प्ले नाही. व्हील बेअरिंग ठीक.

११ जानेवारी

कोनसेट. पुढचे चाक हवेत उचलून हँडल अगदी हळू फिरवले की बरोबर मध्यावर ‘टक्’ लागते. बॉलनी रेसमध्ये (बेअरिंगच्या कड्यांमध्ये) खड्डे पाडले आहेत. सरळ चालताना हँडल त्या खड्ड्यात बसते आणि चालवणारा त्यातून ते सतत बाहेर काढत राहतो. आवळून हा दोष जात नाही, उलट वाढतो.

बॉलच्या जागी टेपर रोलर लावले. कामातल्या तीन गोष्टी:

नव्या सेटची एकूण उंची जुन्यापेक्षा १ मि.मी. जास्त निघाली. एवढे चालते, पण वरच्या टीखालचा (टी म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणारा आडवा भाग) धूळ-सील नीट दाबला जातो का ते पाहूनच पुढे जावे.

हेड ट्यूबमध्ये (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात कोनसेट बसतो) नवी रेस बसवायला जुनीच रेस वापरली. तिला कटरने एक चीर पाडली की ती ठोकून आत जाते आणि परत निघतेही. चीर न पाडता ठोकली तर दोन रेस आत आणि हातात काही नाही. नवी रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती, चार हलक्या ठोक्यांत बसली.

आवळताना आधी नट जरा जास्त आवळून हँडल पाच-सहा वेळा लॉक ते लॉक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) फिरवले, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करून पुन्हा हलका आवळला. स्टेमचा (हँडलसोबत फिरणारा मधला दांडा) वरचा मोठा नट टॉर्कला आवळला की आट्यांमधली ढिल संपते आणि बेअरिंगचा प्रीलोड वाढतो. त्यामुळे तो आवळून झाल्यावर पुन्हा मोजणे भाग आहे. स्प्रिंग काटा फोर्कच्या नळीला अडकवून, केबल मोकळ्या करून: पहिल्यांदा १.९ किलो, नट पाव फेरा सोडून १.२ किलो. मॅन्युअलच्या मर्यादेत.

टेपर रोलर जास्त आवळले तर फडफड थांबल्यासारखी वाटते आणि गाडी संथ वेगात दारू प्यायल्यासारखी चालते. तो डॅम्पिंगचा गुण नव्हे, घर्षण आहे. घर्षणाचा विरोध आधी जास्त आणि हलल्यावर कमी असतो. डॅम्परचे उलट: स्थिर असताना शून्य, वेगाबरोबर वाढत जाणारा.

१२ जानेवारी

चाचणी. पहिली तक्रार पूर्ण गेली; ७० वरून ५० पर्यंत हात सैल सोडूनही हँडल स्थिर. दुसरी आहे, पण तिथे पूर्वी तीन झटके बसायचे तिथे आता एक-दीड. आता डॅम्परला जागा आहे.

१८ जानेवारी

रोटरी की सरळ दांड्याचा? रोटरी वरच्या टीवर, स्टेमच्या नटाजवळ बसतो आणि दिसतो सुबक, पण त्याला फ्रेममध्ये घट्ट उभा खुंट लागतो. या फ्रेमवर तो वेल्डिंगशिवाय उभा राहत नाही, आणि हेड ट्यूबजवळ वेल्डिंग करायचे नाही असे सुरुवातीलाच ठरले होते. सरळ दांड्याचा घेतला: नाममात्र स्ट्रोक (दांड्याची एकूण चाल) ६८ मि.मी., कडकपणा बदलायला १६ क्लिक, दांडा नळीच्या दोन्ही टोकांतून आरपार. आरपार दांड्यामुळे आत-बाहेर करताना तेलाची जागा बदलत नाही, म्हणून दोन्ही दिशांना विरोध सारखा.

हातात आल्यावर लगेच दोन तपासण्या. डॅम्पर कडक करून दांडा पटकन उलटसुलट हलवला. दिशा बदलताना क्षणभर ‘रिकामे’ लागले तर आत हवा आहे. यात नव्हती. दुसरी: स्ट्रोक व्हर्नियरने मोजला. ६८ नाही, ६६.८. दोन्ही टोकांना आत रबरी वॉशर आहेत, ते जागा खातात. हा आकडा पुढे कामी येणार.

स्ट्रोकचा हिशेब. हँडल मध्यापासून लॉकपर्यंत ३३ अंश वळते (जमिनीवर खडूने खुणा करून मोजले). स्टेमच्या मध्यापासून डॅम्परच्या जोडापर्यंतचे अंतर ‘त्रिज्या’ धरले आणि हँडल सरळ असताना डॅम्पर त्या आर्मशी ९० अंशांत ठेवला, तर लागणारा स्ट्रोक साधारण २ × त्रिज्या × ०.५४५.

तयार किटमध्ये फोर्कच्या नळीवर बसणारा क्लॅम्प येतो. नळी स्टेमपासून १०० मि.मी.वर, क्लॅम्पचा कान धरून त्रिज्या ११५ च्या आसपास. म्हणजे स्ट्रोक १२५ हवा. ६८ चा डॅम्पर तिथे अर्ध्यावरच संपतो. शिवाय खालच्या टीखाली फोर्कची उघडी नळी १५२ मि.मी., फोर्कची चाल १३०. २० रुंदीचा क्लॅम्प बसवला की २ मि.मी. उरतात आणि पूर्ण ब्रेकला डस्ट सील क्लॅम्पवर आदळण्याची भीती. किटमधला क्लॅम्प बाजूला ठेवला.

ठरले असे: खालच्या टीच्या वरच्या पाठीवर डावीकडे येणारा आर्म, त्रिज्या ६०, डॅम्पर हेड ट्यूबच्या डाव्या अंगाने मागे, फ्रेमच्या डाव्या उतरत्या नळीवरच्या क्लॅम्पपर्यंत. ६० ला स्ट्रोक ६५.४ लागतो, आहे ६६.८. तंगी आहे, पण पुठ्ठ्याचा नमुना करून पाहू.

१९ जानेवारी

पुठ्ठ्याचा आर्म आणि २५ मि.मी. व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा नकली डॅम्पर करून, टाकी काढून, लॉक ते लॉक फिरवून पाहिले.

डॅम्पर स्टेमच्या अक्षाला काटकोनातल्या पातळीत हवा, म्हणजे टीच्या पाठीला समांतर. गाडीवर ती पातळी मागे जाताना खाली उतरते. डोळ्यांना जमिनीला समांतर बसवायचा मोह होतो. तसा बसवला तर हँडल वळताना बॉल जॉइंट तिरके होतात आणि त्यांची मर्यादा १२-१५ अंशांत संपते.

अडथळे: हेडलाइटकडे जाणारी वायरिंग नेमकी डावीकडून जाते, ती उजवीकडे वळवावी लागेल. क्लच केबल पुढून काढली की सुटते. आणि जे पुठ्ठ्यात विसरले होते ते: दांडा आरपार असल्याने तो मागच्या टोकातूनही ३३ मि.मी. बाहेर येतो. मागे इग्निशन कॉइलचा कोपरा आहे. कॉइल १५ मि.मी. मागे सरकवली.

२५ जानेवारी

आर्म: ६०८२-टी६ ॲल्युमिनियमची ८ मि.मी. पट्टी. खालच्या टीत हेडलाइटच्या स्टेसाठी एम ८ चे दोन आटे आहेत, ४० मि.मी. अंतरावर, तिथेच आर्म बसतो आणि त्याच्यावर स्टे. टीला नवे भोक पाडायचे नाही. जुने बोल्ट २० चे होते, आता ३०. भोक बंद आहे, म्हणून आधी आत काडी घालून खोली मोजली. बोल्ट भोकाच्या तळाला टेकला तर टॉर्क पाना ‘क्लिक’ म्हणतो आणि पट्टी ढिलीच राहते. ॲल्युमिनियमात आटे निदान १२ मि.मी. धरले पाहिजेत.

पट्टीचे सगळे कोपरे गोल, आतला कोपरा ६ मि.मी. त्रिज्येने. कानशीचे आडवे ओरखडे पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने काढले, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

फ्रेमचा क्लॅम्प: २८ मि.मी. नळीसाठी दोन भागांचा, लेथवर. दोन भागांमध्ये ०.५ ची शिम (पातळ पत्रा) ठेवून २८ ला बोअर केले, मग शिम काढली. आवळल्यावर दोन्ही भागांत फट उरते आणि नळी खरोखर धरली जाते. मध्ये रबराची पट्टी घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, ती घातली नाही. फडफड सुरू होते एक-दोन अंशांपासून. ६० मि.मी. त्रिज्येवर १ अंश म्हणजे जेमतेम १ मि.मी. रबर तेवढे सहज दबते, आणि डॅम्परला कळतच नाही की हँडल हलले.

जोर किती येतो? फडफड ±३ अंश आणि सेकंदाला ८ वेळा धरली तर हँडलचा कमाल कोनीय वेग २.६ रेडियन/सेकंद. डॅम्पर पूर्ण कडक असताना यातून आर्मच्या टोकाला १००-११० किलोंच्या आसपास जोर येईल, तोही दर सेकंदाला १६ वेळा उलटसुलट. म्हणून जोडाचा बोल्ट एम ८, १०.९ प्रतीचा. बॉल जॉइंट पट्टीच्या जितका जवळ बसेल तितका बरा. स्पेसर ६ मि.मी.च.

२६ जानेवारी

बसवला. क्रम: पुढचे चाक हवेत, हँडल बरोबर सरळ, दांडा मध्यावर (पूर्ण आत ढकलून ३३.४ मि.मी. बाहेर ओढून टेपची खूण), मग डॅम्परच्या नळीवरचा क्लॅम्प आवळला. हा क्लॅम्प फक्त ५ न्यूटन-मीटर. डॅम्परची नळी पातळ असते. जास्त आवळली की लंबगोल होते, पिस्टन त्या जागी अडकतो आणि दोष डॅम्परला दिला जातो. टीवरचे एम ८ बोल्ट २० न्यूटन-मीटर, मधल्या ताकदीच्या थ्रेड लॉकने. दोन्ही जोडांना नायलॉक नट, आणि बॉल जॉइंटच्या बाहेरून डोळ्यापेक्षा मोठा वॉशर: बॉल निसटला तरी डोळा बोल्टवरच अडकून राहतो, दांडा कुठे घुसत नाही.

मग लॉक तपासले. उजवीकडे ठीक. डावीकडे हँडल फ्रेमच्या स्टॉपला टेकलेच नाही, त्याआधी डॅम्पर तळाला लागला. कागदावर दोन्ही बाजूंना ०.७ मि.मी. उरत होते; मध्य साधताना दीड मि.मी. चूक झाली आणि संपले. नळी सरकवून दोन्हीकडे जेमतेम बसवता आला असता, पण ते चालवायचे नाही. डॅम्पर स्टॉप झाला की पार्किंगमध्ये कोणी हँडल ढकलले किंवा गाडी पडली तर सगळा मार टोकाच्या सर्किप (खाचेत बसणारी कडी) आणि सीलवर जातो. सर्किप सुटली की तेल बाहेर आणि दांडा आत वाकडा. अशा वेळी हँडल एका बाजूला अडकू शकते. डॅम्परविना गाडी चालते, अडकलेल्या हँडलची नाही.

१ फेब्रुवारी

त्रिज्या ६० वरून ५५ केली. आधीच्या आर्मवर ५ मि.मी. अलीकडे ८ चे भोक पाडता येत नाही, दोन्ही भोके एकमेकांत मिसळतात. आर्म नवा केला. फ्रेमकडचा स्पेसरही ५ ने कमी, म्हणजे डॅम्पर सरळ राहतो.

आता लागणारा स्ट्रोक ५९.९, उरतात जवळजवळ ७. दोन्हीकडे साडेतीन. तपासण्याची खात्रीची रीत: हँडल स्टॉपला टेकवून धरायचे, आर्मकडचा बोल्ट काढायचा आणि दांडा हाताने अजून किती जातो ते मोजायचे. डावीकडे ३.३, उजवीकडे ३.७. बस.

याची किंमत डॅम्पिंगमध्ये मोजली. त्रिज्या कमी झाली की दांड्याचा वेगही कमी आणि लीव्हरही कमी, म्हणून परिणाम त्रिज्येच्या वर्गाने घटतो: ५५/६० चा वर्ग ०.८४. म्हणजे १६ टक्के गेले. क्लिक १६ आहेत, दोन जास्त फिरवले की भरून निघते. त्रिज्या वाढवून डॅम्पर ‘जास्त जोरदार’ करायच्या नादात स्ट्रोक संपवण्यापेक्षा हे बरे.

वायरिंग उजवीकडून बांधली. इंजिन चालू, न्यूट्रल, हँडल लॉक ते लॉक: आरपीएम हलले नाही, म्हणजे थ्रॉटल केबल ताणत नाही. हॉर्न दाबून, हेडलाइट लावून हेच पुन्हा. ब्रेक होजला आर्मचा कोपरा घासत होता, कोपरा आणखी ३ मि.मी. कापला.

क्लिक म्हणजे नेमके किती, यासाठी साधी मोजणी. हँडलच्या टोकाला (स्टेमपासून ३६० मि.मी.) दोरी बांधून कप्पीवरून २ किलो वजन सोडले, मध्यापासून लॉकपर्यंत जायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मोजले. डॅम्पर नसताना ७४ फ्रेम. शून्य क्लिकला १०८. सहाला १६८, दहाला २५२, सोळाला ४५६. सहाला उजवीकडे १६८, डावीकडे १७१, फरक नगण्य. हे आकडे याच गाडीपुरते, एकमेकांशी तुलना करायला. दोरीचा कोन बदलला की सगळे बदलतात. पण एक दिसते: पहिल्या सहा क्लिकना वेळ १०८ वरून १६८ होतो आणि शेवटच्या सहांना २५२ वरून ४५६. क्लिकांची उडी सारखी नाही, वर गेल्यावर एकेक क्लिक जड होत जातो.

२ फेब्रुवारी

चाचणी, शून्यापासून वर. रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढायचा; ज्या क्लिकला पाय टेकवावासा वाटतो त्याच्या तीन-चार खाली कमाल मर्यादा. इथे पाय टेकवावासा ११ ला वाटला. म्हणजे रस्त्यावर ७-८ च्या वर जायचे नाही.

कडक डॅम्पर संथ वेगात का त्रास देतो ते समजून घेतले तर सेटिंग सोपे जाते. दुचाकीचा तोल हँडलच्या बारीक दुरुस्त्यांवर टिकतो. गाडी डावीकडे झुकली की पुढचे चाक आपणहून डावीकडे वळते आणि गाडीखाली येते. डॅम्पर हे वळणेच उशिरा होऊ देतो. स्वार मग जास्त जोर लावतो, तोही उशिरा, आणि गाडी सापासारखी जाते.

ट्रॅकवर त्याच उंचसखल वळणाला, ११५ ला, थ्रॉटल उघडा: शून्य क्लिकला एक झटका, चारला अर्धा, सहाला जवळजवळ नाही. सहावर ठेवला.

८ फेब्रुवारी

१५० किमी झाले. फ्रेमच्या नळीवरच्या क्लॅम्पशेजारी रंगाच्या मार्करने रेघ मारून ठेवली होती, ती १.५ मि.मी. सरकली आहे. फ्रेमचा पावडर कोट जाड आणि मऊ. आवळल्यावर तो दबतो आणि क्लॅम्प नळीभोवती गोल फिरतो, कारण डॅम्परचा जोर नळीच्या मध्यातून न जाता बाजूने जातो. सहा क्लिकला पुन्हा अर्धा झटका येऊ लागला होता, त्याचे कारण हेच. चालवताना मात्र ‘डॅम्पर मऊ पडला’ असेच वाटते, आणि हात आधी क्लिककडे जातो.

उपाय दोन. क्लॅम्पखालचा पावडर कोट घासून काढला आणि उघड्या लोखंडावर झिंक प्रायमरचा पातळ हात दिला, नाहीतर गंज क्लॅम्पखाली लपून वाढतो. दुसरे, क्लॅम्पला छोटा कान जोडून तो हॉर्नच्या पट्टीच्या एम ६ बोल्टला बांधला. आता क्लॅम्प फिरूच शकत नाही. एम ६ ला १० न्यूटन-मीटर. नवी रेघ मारली.

१५ फेब्रुवारी

३०० किमी. रेघ जागेवर.

अर्धा तास सलग चालवून लगेच वजनाची मोजणी केली: सहा क्लिकला १६८ ऐवजी १४१ फ्रेम. डॅम्परचे मागचे टोक सिलिंडर हेडपासून ७० मि.मी.वर आहे, तेल गरम होऊन पातळ होते. मध्ये १ मि.मी. ॲल्युमिनियमची ढाल लावली, दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी. नंतर १५५. उरलेला फरक साधारण एका क्लिकएवढा आहे, सोडून दिला.

आज मुद्दाम १३ क्लिक लावून ट्रॅकवर १३० पर्यंत नेली. झटके नाहीत, पण १२० च्या पुढे मोठ्या वळणात गाडी अख्खी झोके घेऊ लागली, सेकंदाला दोन-तीन. हा वेगळा प्राणी आहे. फडफडीत फक्त पुढची बाजू स्टेमभोवती हलते, सेकंदाला सहा ते दहा वेळा. झोक्यात पूर्ण गाडी डोलते आणि वळते, आणि त्यात हँडलने स्वतःहून फिरून साथ द्यायची असते. डॅम्पर कडक केला की फडफड मरते, पण झोका लवकर विझत नाही. असा झोका आला की थ्रॉटल हळू सोडायचा, शरीर पुढे झुकवायचे आणि हँडल आवळून धरायचे नाही. घाबरून क्लिक वाढवणे ही नेमकी उलटी हालचाल. परत सहावर आणल्यावर १३० ला झोका नाही.

१ मार्च

६०० किमीची तपासणी.

दांड्यावर तेलाचा पातळ थर बोटाला लागतो, थेंब नाही. एवढे सीलला हवेच. थेंब धरला असता किंवा धूळ चिकटून काळी रेघ दिसली असती तर सील गेले. दांड्यावर दगडाचा टोला बसून ओरखडा पडला तर नवे सील महिनाही टिकत नाही; म्हणून उघड्या भागावर फोर्कवरचे जुने रबरी बूट कापून लावले. बूटला खाली ४ मि.मी.चे छिद्र ठेवले, नाहीतर पाणी आत साचते.

आर्मकडचा बॉल जॉइंट हाताने वर-खाली केल्यावर अगदी बारीक टकटक देतो. फीलर गेजने ०.१५ मि.मी. हे अजून चालेल, ०.५ ला गेला की बदलायचा. स्टीलच्या बॉलला आत टेफ्लॉनची वाटी आहे, त्यात ग्रीस भरायचे नाही, धूळ धरते आणि वाटी खाते. फक्त पुसायचा.

टीवरच्या आर्मच्या बोल्टांवरची खूण जागेवर. आर्म काढून आतल्या कोपऱ्याला तडा तपासण्याचा लाल रंग लावला, दहा मिनिटांनी पुसून वर पांढरी पावडर: रेघ नाही. कोनसेटचा प्रीलोड, डॅम्पर सोडवून: १.१ किलो. डॅम्पर जोडलेला असताना हे मोजून उपयोग नाही. संथ ओढले तर डॅम्पर विरोध करत नाही, पण त्याच्या सीलचे घर्षण आकड्यात मिसळते आणि ढिला कोनसेटही ठीक दिसतो. त्यामुळे यापुढे दर ३००० किमीला डॅम्पर आर्मकडून सोडवूनच कोनसेट तपासायचा, आणि त्याच वेळी लॉकला उरणारे साडेतीन मि.मी. पुन्हा मोजायचे.